खरखर

ट्रंक कॉल जितका लांबचा, तितकं मोठ्यानं ओरडायचं, हा आमच्या गावचा अलिखित नियम होता. तालुक्याला लावलेला फोन भिंतीपलीकडे ऐकू जाई, पुण्याचा समोरच्या हॉटेलात आणि नागपूरचा थेट एसटी स्टँडपर्यंत. नागपूरला कोण आजारी आहे ते घरच्यांच्या आधी पानवाल्याला कळायचं.

पुढे टेलिफोनच्या कामालाच लागलो, तेव्हा कळलं की या ओरडण्यात अडाणीपणा काही नव्हता. तारेवरून जाताना आवाज वाटेत क्षीण होतो. मध्ये अॅम्प्लिफायर असत, ते आवाज वाढवत. पण वाटेत त्याला चिकटलेली खरखरही इमानेइतबारे वाढवत. चार ठिकाणी वाढ होऊन नागपूरला पोचेपर्यंत माणूस कमी आणि खरखर जास्त. ओरडणार नाही तर काय करणार?

आमचा एक्स्चेंज जुना, स्ट्राउजर पद्धतीचा. गिरणीच म्हणा ना! कुणी चकती फिरवून पाचचा आकडा लावला की आतला सिलेक्टर खट खट करत पाच पायऱ्या चढायचा, मग आडवा वळायचा. सकाळी दहाला बाजारपेठ उघडली की आत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. आमचे थोरले मेकॅनिक, त्यांना सगळे अण्णा म्हणत, खुर्चीत डोळे मिटून बसलेले असायचे. मध्येच म्हणायचे, "तिसऱ्या रॅकला काहीतरी अडकलंय, बघ रे." जाऊन बघावं तर खरंच कॉन्टॅक्टवर धूळ बसलेली. फडकं फिरवलं की गाडी सुरू.

त्याच सुमारास दिल्लीत वेगळाच उद्योग चालू झाला होता. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिच्यामागचे सॅम पित्रोदा अमेरिकेत डिजिटल स्विचिंगमध्ये नाव काढून आलेले. ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये एवढ्यात देशी डिजिटल एक्स्चेंज बनवायचा, अशी बोली. जागा कुठली, तर अकबर हॉटेलातल्या खोल्या! तिथं कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली पोरं कामाला बसली. परदेशी डिजिटल एक्स्चेंज हजारो लाइनींचे, शिवाय त्यांना वातानुकूलित खोली लागे. आपल्या गावात फोन शंभरभर, आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून या मंडळींनी १२८ पोर्टचा छोटा एक्स्चेंज केला, 'रॅक्स' नावाचा. कमी वीज खाणारे भाग निवडले, त्यामुळे एसीची गरजच उरली नाही. पहिला बसला तो १९८६ साली, बेळगाव-धारवाड रस्त्यावरच्या कित्तूरला. मोठा एक्स्चेंज ठरल्या मुदतीत झाला नाही म्हणून पुढे बरीच टीका झाली. होऊ दे. मला विचाराल तर खरी अक्कल त्या धाकट्या कपाटात होती.

आमच्याकडे ते कपाट काही वर्षांनी आलं. फ्रिजएवढं. नारळ फुटला, पेढे वाटले. दिवे लुकलुकायला लागले, बाकी सगळं गप्प. गावातले एक आजोबा बराच वेळ कान देऊन उभे होते. शेवटी म्हणाले, "साहेब, चालू कधी करणार?"

आत काय चाललंय ते दिसण्यासारखं नव्हतंच. बोलणाऱ्याचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजायचा, प्रत्येक माप आठ बिटांत लिहायचं. म्हणजे एका माणसाच्या बोलण्याला सेकंदाला ६४,००० बिट. अशी तीस बोलणी तारांच्या दोनच जोड्यांवरून जात. वाटेतलं यंत्र आता आवाज वाढवत नसे. आलेला आकडा शून्य की एक एवढं ओळखायचं आणि कोरा करकरीत लिहून पुढे धाडायचं. खरखर मागेच राहायची. ही कल्पना अॅलेक रीव्ह्ज या इंग्रज इंजिनिअरला १९३७ साली पॅरिसमध्ये सुचली होती. पण व्हॉल्व्हच्या जमान्यात ती परवडणारी नव्हती. ट्रान्झिस्टर आले, तेव्हा कुठे १९६२ मध्ये अमेरिकेत बेलच्या जाळ्यात ती रोजच्या वापरात आली.

खरखर गेली, पण ओरडणं काही गेलं नाही. शेजारच्या काकूंनी मुंबईच्या मुलाला पहिल्यांदा एसटीडी लावला आणि सवयीनं अशी हाक मारली की पलीकडून तो म्हणाला, "आई, हळू! कान फुटला." एवढा स्वच्छ आवाज ऐकून काकूंना भलतीच शंका आली. रिसीव्हर हातात धरून त्या मागच्या खोलीत डोकावायला निघाल्या, तार पुरली नाही म्हणून थांबल्या.

अण्णा मात्र उदास झाले. बिघाड झाला की कार्ड उपसायचं, दुसरं खोचायचं, बिघडलेलं दुरुस्तीला पाठवायचं. "माझे कान आता नुसते शोभेला," म्हणायचे.

२००४ साली सरकारी धोरणानं ब्रॉडबँडची किमान गती २५६ केबीपीएस ठरवली, तेव्हा तो आकडाही आम्हाला भलामोठा वाटला. खरं तर आमच्या चार माणसांच्या बोलण्याएवढाच! आता नातू मोबाइलवर सिनेमा बघतो, आणि बीएसएनएलच्या देशी ४जीचा गाभा त्याच सी-डॉटनं बनवलाय. बोलण्याला मात्र पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी बिट पुरतात. तेव्हा फोन लागला की ठेवेपर्यंत ते ६४,००० तुमचे, बोला नाहीतर गप्प बसा. आता गप्प बसलात की मोबाइल आवाज पाठवणंच थांबवतो. मग पलीकडच्याला फोन कट झाला असं वाटू नये म्हणून त्याच्या कानाशी मुद्दाम हलकीशी खोटी खरखर तयार केली जाते.

हे मी परवा अण्णांना सांगितलं. ऐंशी ओलांडलीय, मुलाकडे पुण्यात असतात. ते एकदम गप्प झाले. मला वाटलं, गेला फोन.

"अण्णा?"

"ऐकतोय, ऐकतोय," पलीकडून आवाज आला, पार एसटी स्टँडपर्यंत जाईल असा. "गप्प बस जरा."