वरचे हजार

एप्रिलमध्ये दादाकडे ओसाकाला गेले होते. माझ्यासाठी त्याने मुश्किलीने एक रजा काढली आणि ट्रेनने योशिनोला नेलं. डोंगरावर साकुराची सुमारे ३०,००० झाडं! पण पायथ्याशी नुसती पालवी, फुलं केव्हाच गळलेली. दादाचा चेहरा पडला. म्हटलं, "अरे, वर थंडी जास्त, तिथे उशिरा फुलत असतील!" चढलो. खालचे हजार, मधले हजार, वरचे हजार अशी तिथल्या भागांची नावंच आहेत. वरच्या हजारांत मात्र काय तो ब्लॉसम! (आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना मराठी शब्द आठवतो कुठे? दादाने सांगितला, "बहर.")

डबा उघडला. पोळीवर पाकळ्या पडत होत्या. दादा हळूच म्हणाला, "मी आता इथेच राहीन म्हणतो. आईला तू सांगशील?"

मी पोळीवरच्या पाकळ्या वेचत बसले.