बराकीतले वर्ग

४ जानेवारी, बिद्री
हंगाम भरात आहे. रात्रभर उसाचे ट्रॅक्टर आणि त्यांच्या टेपवरची गाणी. पहाटे जरा डोळा लागला तोवर मळीचा वास घरात.

दुपारी संस्थेची बैठक. विषय एकच : पट वाढला, खोल्या नाहीत. आठवीच्या दोन तुकड्या एका खोलीत, नववीचा एक वर्ग व्हरांड्यात. निवृत्त शिक्षक म्हणून मला बोलावतात. ऐकतातच असं नाही. सोसायटीचं खताचं गोडाऊन रिकामं पडलंय, ते भाड्यानं घ्यावं असं कुणीतरी सुचवलं. लगेच एक संचालक उसळले, "पोरं काय पोत्यांवर बसवायची? लोक काय म्हणतील?" त्यांना तीन मजली आरसीसी पाहिजे, पुढं कमान, कमानीवर नाव. पैसा कुठून, असं विचारलं तेवढ्यात चहा आला आणि बैठक संपली.

७ जानेवारी
बैठकीत बोलायला वाव मिळाला नाही, ते इथं लिहून ठेवतो. डॉ. आंबेडकरांनी ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. कुठं? मरीन लाइन्सजवळच्या लष्करी बराकींत. दुसरं महायुद्ध संपून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. फोर्टमधलं आनंद भवन नंतर आलं.

पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. या बराकीतल्या कॉलेजला पहिले प्राचार्य लाभले ते अ. बा. गजेंद्रगडकर, एल्फिन्स्टनमध्ये नाव कमावलेले संस्कृतचे पंडित. तडजोड केली ती छपराशी. शिकवणाऱ्याशी केली नाही. आमच्याकडं उलटं चालतं. कमानीचा खर्च लाखांत आणि गणिताचा मास्तर तासिका तत्त्वावर.

११ जानेवारी
शेजारचे निवृत्त सुभेदार सकाळी कट्ट्यावर भेटले. मराठा लाइट इन्फंट्रीत उमेदीची वर्षं गेली. बेळगावच्या सेंटरपासून पार वरच्या सरहद्दीपर्यंतच्या बराकी त्यांनी बघितल्यात. गोडाऊनचं सांगितलं तर म्हणाले, "मास्तर, बराकीत राहिलायसा काय कधी? बराक म्हंजे लांबडं घर. मधी भिंत न्हाई. एका टोकाला कुणी खोकला की दुसऱ्या टोकाचा जागा हुतो."

मग काठीनं मातीत त्यांनी नकाशाच काढला. रुंदी बेतानं, लांबी हवी तेवढी. दोन्ही अंगांना समोरासमोर खिडक्या, म्हणून वारा आरपार. दोन्हीकडं व्हरांडा, म्हणून उन्हाची तिरीप आणि पावसाची झड भिंतीला लागत नाही. आढ्याजवळ गरम हवा जायला झरोके. वर्गाला याहून वेगळं काय लागतं? उजेड डावीकडून यावा, वारा खेळावा, मुलाला दारातून पटकन बाहेर पडता यावं. आडव्या भिंती घातल्या की ओळीनं वर्ग तयार. पट वाढला की शेजारची लांबडी इमारत घ्यायची. गोरगरिबांच्या संस्थांना असं तुकड्यातुकड्यानं वाढता येणं फार सोयीचं.

"पर एक ध्यानात ठेवा," सुभेदार म्हणाले, "संडास लांब अस्त्यात. जवानाला चालतंय. पोरींना न्हाई चालत."

१८ जानेवारी, छत्रपती संभाजीनगर
पुतणीच्या लग्नाला आलो. मुहूर्त दुपारचा, म्हणून सकाळीच रिक्षा करून नागसेनवनात जाऊन आलो.

सिद्धार्थनंतर चार वर्षांनी, जून १९५० मध्ये, बाबासाहेबांनी इथं कॉलेज काढलं. तेही छावणीतल्या जुन्या लष्करी इमारतींत. निजामाचं राज्य जाऊन जेमतेम पावणेदोन वर्षं झाली होती. त्याआधी मराठवाड्यातल्या बहुतेक पोरांना पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागे, आणि तिथं उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून. म्हणजे इमारत बांधून होईतो थांबायचं म्हटलं असतं तर आणखी दोन-तीन पिढ्या नव्हे, पण दोन-तीन वर्षांची पोरं तरी नक्की वाया गेली असती. नव्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. तोवर वर्ग भरतच होते. कॉलेजला मिलिंद हे नाव मिळालं तेही पुढं. प्राचार्य म. भि. चिटणीस, 'युगयात्रा' नाटक लिहिणारे तेच.

इथंच पुढं म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे शिकवत होते. दलित साहित्याची चळवळ उभी राहिली त्यात या आवाराचा वाटा केवढा, हे मराठीच्या मास्तरला सांगायला नको. पायऱ्यांवर दोन पोरी स्पर्धा परीक्षेचे प्रश्न एकमेकींना विचारत होत्या. गाव विचारलं. एक जालन्याची, दुसरी बीडची. बीडचीचे आईवडील या घडीला ऊसतोडीला गेलेत. कुठं? "कोल्हापूरकडं." माझ्या दारावरून रात्री जाणाऱ्या एखाद्या ट्रॉलीतला ऊस त्यांच्या हातचा असायचा.

लग्नाला उशीर झाला. बोलणी खाल्ली.

२४ जानेवारी, बिद्री
गणवेशाच्या कापडाचा भाव काढायला गांधीनगरला गेलो होतो. होलसेलच्या दुकानांच्या गर्दीत कुणाच्या ध्यानातही येत नाही, की हा सगळा भाग म्हणजे वळिवड्याची छावणी. लष्करी नव्हे, निर्वासितांची. १९४३ पासून १९४८ पर्यंत इथं सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली. बहुतेक बायका आणि मुलं. रशियातून इराणमार्गे आलेली. ओळीनं बांधलेल्या बैठ्या घरांतच त्यांनी शाळा चालवल्या, पोलिश भाषेतून. पोलंड कोल्हापूरपासून किती लांब, आणि परत जायला मिळेल याचीही खात्री नाही. तरी पोरांचा अभ्यास चुकवला नाही. ते गेल्यावर सिंधी निर्वासित आले आणि त्याच ओळींत बाजार उभा राहिला. आता एखादं जुनं कौलारू घर मधूनच दिसतं, बोर्डांनी झाकलेलं.

जग हेच करतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातला फोर्ट ऑर्ड हा लष्करी तळ १९९४ मध्ये बंद झाला आणि १९९५ मध्ये तिथं विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले. श्रीमंत देशालाही बराकीची लाज वाटली नाही. आमच्या संचालकांना गोडाऊनची वाटते.

कापड मात्र महागच पडतंय.

२६ जानेवारी
झेंडावंदन. भाषणात कमानीचा उल्लेख दोनदा.

२९ जानेवारी
अखेर गोडाऊन बघायला सगळे आले. मी, सुभेदार, हायस्कूलचे हेडमास्तर आणि एक इंजिनिअर पोरगा. आमचाच माजी विद्यार्थी. टेप धरून मापं घेतली. भिंती दगडी, भक्कम. कोपऱ्यात युरियाचा पांढरा थर अजून चिकटलेला, आणि खालची वीतभर भिंत खारानं फुगून पोपडे धरलेली. तेवढं गिलाव्याचं काम खरवडून नव्यानं करावं लागेल. नुसता रंग मारला तर पहिल्याच पावसाळ्यात उडेल. छपराला सिमेंटचे जुने पत्रे. इंजिनिअर म्हणाला, "यात अॅस्बेस्टॉस आहे. कापायचे, फोडायचे नाहीत. धूळ पोरांच्या छातीत जाईल. सबंध उतरवून घेऊ." उजेडाला खिडक्या नाहीत, त्या पाडाव्या लागतील. चार वर्ग आरामात बसतात. संडास-मुतारी शेजारीच, मुलींची वेगळी, आणि दाराला रॅम्प.

संचालक शेवटी तयार झाले. एका अटीवर : दर्शनी भागी छोटीशी तरी कमान. सुभेदार हसले, मी गप्प बसलो. अंदाजपत्रकात कमान सगळ्यात शेवटी घालायला इंजिनिअरला सांगितलंय.

आडव्या भिंती पार पत्र्याला भिडवायच्या, हे गवंड्याला बजावून सांगायला पाहिजे. दहा फुटांवर सोडल्या की विटा वाचतात, पण पलीकडचे पाढे अलीकडच्या इतिहासात येतात. उद्या सकाळी येतो म्हणालाय. म्हणजे परवा.