शेजाराची पुनर्रचना

सरकारी नोकरीत तीस-बत्तीस वर्षे महाराष्ट्राबाहेर काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणतीही व्यवस्था दृष्टीस पडली, की ती नव्याने कशी मांडता येईल याचा तक्ता तो मनातल्या मनात आखू लागतो. कुणाला बागेचा छंद असतो, कुणाला पत्त्यांचा. मला तक्त्यांचा आहे. निवृत्तीनंतर दिल्लीत आम्ही राहतो त्या घरात पुनर्रचना करण्याजोगे फारसे उरलेले नाही, आणि जे आहे त्यावर पत्नीचा अधिकार चालतो. साहजिकच माझी दृष्टी सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलकडे वळली आहे.

हा नाद मला भाचीमुळे लागला. ती ओरेगन राज्यातील कॉर्व्हॅलिस येथे शिकली आणि तेथेच स्थिरावली. तिच्याकडची शनिवारची संध्याकाळ म्हणजे आमची रविवारची पहाट. त्या वेळी चहाचा पेला हाती घेऊन मी सामना पाहतो. हा फुटबॉल पायाचा कमी आणि हाताचा अधिक. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी, शंभर यार्डांचे मैदान, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकण्याचे बंधन. न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन होतो. आपल्या कचेऱ्यांतील फायलींना हा नियम लावला असता, तर किती चेंडू हातचे गेले असते, याचा विचार माझ्या समव्यवसायी वाचकांनी करावा!

तेथील विद्यापीठे ज्या समूहांत खेळतात त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. आपल्याकडे हा शब्द चहा-बिस्किटांसह चालणाऱ्या बैठकीची आठवण देतो. तेथे तो कुळाचा वाचक आहे. आणि कूळ म्हटले की भाऊबंदकी आलीच. मध्य-पश्चिमेतील सात विद्यापीठांनी १८९६ साली जे मंडळ स्थापिले, ते पुढे ‘बिग टेन’ या नावाने प्रसिद्धीस आले. पॅसिफिक किनाऱ्यावरील मंडळ १९१५ चे. ही कुळे भूगोलाने घडविली होती. संघ आगगाडीने जात, म्हणून शेजाऱ्याशीच खेळत. शेजाऱ्याशी खेळत, म्हणून शेजाऱ्याशीच वैर धरीत. ओरेगन आणि ओरेगन स्टेट या दोन विद्यापीठांत जेमतेम पासष्ट किलोमीटरांचे अंतर. त्यांचा पहिला सामना १८९४ साली झाला. अशा सामन्याला नातवाला सोबत घेऊन जाणाऱ्या आजोबांना त्यांच्याही आजोबांनी तेथे नेलेले असते.

या व्यवस्थेला तडा गेला तो पैशामुळे. दूरचित्रवाणीच्या हक्कांवर मध्यवर्ती संस्थेची जी मक्तेदारी होती, ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली मोडून काढली. त्यानंतर ज्याने त्याने आपापला सौदा करावा, असे झाले. आणि ज्या कुळाचा सौदा मोठा, त्या कुळात दत्तक जाण्याची चढाओढ सुरू झाली. टेक्साससभोवतालचे जुने साउथवेस्ट मंडळ १९९६ मध्ये विसर्जित झाले. पॅसिफिक मंडळातील बारांपैकी दहा सभासद २०२४ मध्ये निघून गेले. कॉर्व्हॅलिसचे ओरेगन स्टेट आणि पुलमनचे वॉशिंग्टन स्टेट ही दोनच उरली. २०२६ पासून नवे सभासद घेऊन ते मंडळ पुन्हा उभारण्याचे ठरले खरे, परंतु मधले दोन हंगाम त्या दोघांनी रिकाम्या वाड्यात दिवा लावून काढले.

निघून गेलेल्यांची अवस्था तरी काय? लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांची गाठ आता न्यू जर्सीच्या रटगर्सशी पडते. अंतर सुमारे चार हजार किलोमीटर. आपल्या देशाची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर आहे, हे लक्षात घ्यावे. स्टॅनफर्ड आणि बर्कली ही पॅसिफिककाठची विद्यापीठे अटलांटिक किनाऱ्याच्या मंडळात जाऊन बसली आहेत. फुटबॉलचा संघ हंगामात बारा सामने खेळतो, त्याला हे एक वेळ सोसवेल. पण व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींनी मधल्या वारी सामना खेळून पुन्हा वर्गात केव्हा बसावे?

म्हणून माझा तक्ता. चार मोठ्या मंडळांत मिळून सदुसष्ट संघ आहेत. त्यांत मागे राहिलेले दोन आणि स्वतंत्र बाण्याचे नोत्र दाम मिळवले, की सत्तर होतात. उरलेल्या दोन जागा लहान मंडळांतील गुणवान संघांस द्याव्यात, एकूण बहात्तर. त्यांची प्रदेशवार आठ मंडळे करावीत, प्रत्येकी नऊ. प्रत्येक संघाने मंडळातील आठांशी खेळावे. चार सामने घरी, चार बाहेर. उरलेल्या चारांपैकी एक सामना सीमेपलीकडील जुन्या वैऱ्यासाठी राखून ठेवावा. आठ विजेते आणि आणखी चार लायक संघ मिळून अंतिम फेरीचे बारा होतात. २०२४ पासून तेथे बारांचीच फेरी खेळली जात आहे. इतर खेळ याच शेजारात राहावेत. दूरचित्रवाणीचे उत्पन्न मात्र एका थैलीत जमा करून सारखे वाटावे. व्यावसायिक फुटबॉलमधील बत्तीस संघ राष्ट्रीय प्रक्षेपणाचा पैसा असाच वाटून घेतात, आणि त्यांपैकी कोणी भिकेला लागलेला नाही.

भाचीने हा तक्ता पाहिला आणि एकच प्रश्न केला, “मामा, यावर सही कोण करणार?” प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा होता. आपल्याकडे राज्यांच्या पुनर्रचनेसाठी १९५३ मध्ये आयोग नेमला गेला, १९५६ मध्ये कायदा झाला. त्याबद्दल कोणी कितीही भांडो, हुकूम काढणारे कोणीतरी होते. तेथे तसे कोणीच नाही. मोठ्या संघांची अंतिम फेरीदेखील मंडळेच चालवितात, आणि ज्यांच्या पदरात अधिक पडते ते समान वाटणीला मत का देतील?

तरीही मी निराश नाही. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांचा १८९४ पासूनचा सामना २०११ नंतर बंद पडला होता. तो २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाला. कॅन्सस आणि मिसूरी यांचे फुटबॉलमधील वैरही चौदा वर्षे खंडित होते. २०२५ मध्ये ते पुन्हा मैदानात उतरले. आपण बदलीवर राहणारी माणसे. दर तीन वर्षांनी नवे गाव, नवे शेजारी. कुणाशी नीट भांडण जमावे तोच हुकूम हाती पडतो. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या एकाच शेजाऱ्याशी भांडता येणे हे केवढे भाग्य आहे, ते आपल्याइतके कोणास कळणार? ओरेगनमधील त्या पासष्ट किलोमीटरांच्या दोन्ही टोकांना ते भाग्य टिकावे, एवढ्यासाठीच हा तक्ता. तो तयार आहे. सही करणारा भेटेपर्यंत माझ्या खणात राहील.