ठरावाखाली तुझी सही

नांदेड
मार्च 2026

चि. बापू,

गावातल्या शेतकऱ्यांनी केलेल्या मजुरीच्या ठरावाचा फोटो मिळाला. चष्मा पुसून पुसून वाचला. बाईला एवढी मजुरी, गड्याला एवढी, इतक्या वाजता शेतात हजर, आणि यापेक्षा जास्त देईल त्या शेतकऱ्याला दंड. खाली पुढाऱ्यांच्या रांगेत तुझी ठसठशीत सही! वर तू साळसूदपणे विचारतोस, “आत्या, यंदा गड्याचं साल कितीला ठरवू?” बैठकीला शेतकरी किती जमले ते सांगितलंस. मजूर एखादा तरी होता का? तुझ्या बाबांनी असल्या कागदाला हात लावला नसता.

आधी कायद्याचं. शेतमजुरी 1948च्या किमान वेतन कायद्याच्या यादीत पहिल्यापासून होती. सरकार जो दर ठरवतं त्याच्या खाली जाता येत नाही. वर जायला कुणाची आडकाठी नाही. एकाच कामाला बाईला कमी आणि गड्याला जास्त, हे 1976च्या समान वेतन कायद्यानं बेकायदा ठरवलं. हे दोन्ही कायदे आता वेतन संहितेत आले आणि ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तुमच्या ठरावानं एका पानात दोन्हीकडं पाठ फिरवली. नशीब समज, तो अजून कुणी कामगार अधिकाऱ्याला दाखवला नाही.

आता सालाचं. लातूर-नांदेडकडं पाडवा ते पाडवा साल ठरतं. रोकड किती, ज्वारी किती, उचल किती, हे बोलून होतं. खाडे मात्र मालकाच्या वहीत पडतात. गड्याची कारभारीण झाडलोट करते, शेणाला हात लावते, खुरपणीला येते, तिचं नाव त्या वहीत बहुधा नसतंच. उचल फिटली नाही की पुढचं साल त्याच वाड्यावर. निजामाच्या राज्यात याला भगेला म्हणत, आणि 1936मध्ये हैदराबाद सरकारलासुद्धा त्या करारांवर नियम घालावे लागले. वेठबिगारी तर 1976मध्ये कायद्यानंच बंद झाली. तू वेठबिगार ठेवलास असं आत्या म्हणत नाही. पण उचल आणि खाडे एकाच वहीत असतील आणि ती वही एकट्या मालकाला वाचता येत असेल, तर हिशेब कुणाच्या बाजूनं झुकतो ते सांगायला पंचांग नको. दोन वह्या कर. एक गड्याच्या घरी राहू दे. त्याची पोरगी नववीला आहे, ती वाचून दाखवील.

“मजूर मिळत नाहीत, माजलेत,” हे तुझं पालुपद. अरे, औसा-निलंग्यापासून मुखेड-कंधारपर्यंत सगळं सोयाबीन एकाच पंधरवड्यात काढणीला येतं. तेव्हा टोळीला एकरी गुत्तं वाढवून मागायची संधी मिळते, ती तेवढीच. पुढं हरभऱ्याची काढणी सोडली तर रानात काम कुठंय? म्हणून दिवाळीच्या आगेमागे मुखेड, कंधार, लोहा, जळकोटच्या तांड्यांवरून कोयते निघतात, कुणी हैदराबादला मिस्त्रीच्या हाताखाली जातं, कुणी पुण्याला. गावात राहतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. वर्षातले दहा महिने ज्याला कुणी विचारत नाही, त्यानं उरलेल्या दिवसांत भाव केला तर तो माज कसा?

कोयत्याचंच बघ. जानेवारी 2024मध्ये ऊसतोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली. ती काही कारखानदारांना अचानक दया आली म्हणून नाही. संघटनांनी कोयता बंदची भाषा केली, साखर संघाला बोलणीला बसावं लागलं, करार झाला. त्या कामगारांचे हाल संपले नाहीत, मुकादमाची उचल आहेच. पण समोर बसून बोलायला कुणीतरी आहे. सोयाबीन काढणाऱ्या बाईनं बोलायचं कुणाशी? लाल बावट्याची शेतमजूर युनियन तहसीलवर मोर्चा नेते तेव्हा मागण्या ठरलेल्या असतात: कामाची हमी, रेशन, घराला जागा, म्हातारपणी पेन्शन. तुझ्या बांधावरच्या मजुरीचा वाद त्यात शेवटी येतो, कारण मालक शंभर आणि प्रत्येकाचा बांध वेगळा. आता ते शंभर मालक ठराव करून एक झाले. मग मजुरांनी एक व्हायचं ठरवलं, तर तुझी हरकत नसावी!

तू तोट्यात आहेस हे आत्याला दिसतं. 2025-26साठी सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये, आणि लातूरच्या आडतीत त्याच्या कितीतरी खाली माल घालून तू परत आलास. पण तो खड्डा खुरपणाऱ्या बाईनं पाडला का? हमीभाव काढताना कृषी मूल्य आयोग रोख खर्चात दिलेली मजुरी धरतो, घरच्या माणसांच्या राबण्याचाही हिशेब धरतो. म्हणजे तिची मजुरी कागदावर वाढली तर तुझा हमीभावही वाढायला हवा. तो वाढूनही पदरात पडत नाही, हे भांडण दिल्लीशी आणि खरेदी केंद्राच्या बारदान्याशी आहे. तिथं तोंड उघडत नाही आणि बाईच्या हजेरीवर दंड लावता!

खरं सांगू? आपल्याकडं शेतीचं धोरण सातबारा बघून चालतं. सातबाऱ्यावर नाव नाही तो शेतीतला नाहीच. 2011च्या जनगणनेत देशात शेतमजूर 14.43 कोटी आणि शेतकरी 11.88 कोटी मोजले गेले. म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं धोरणाबाहेर. पीएम किसानचे हप्ते जमीनधारकाला. पुराच्या मदतीचंही तेच. ऑगस्ट 2025मध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव पाण्याखाली गेलं, पुढं सप्टेंबरभर मांजरा-गोदावरीनं कुणाला सोडलं नाही. सरकारनं 31,628 कोटींचं पॅकेज काढलं; खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख. मिळू दे, कमीच आहे. पण ज्या बाईचा काढणीचा अख्खा हंगाम त्या पाण्यात गेला, तिचा पंचनामा कोणत्या गटावर करायचा? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा 2022चा आकडा काढून बघ: शेतीत 11,290 आत्महत्या, त्यात 6,083 शेतमजूर आणि 5,207 शेतकरी. भाषणं मात्र फक्त शेतकऱ्यावर होतात.

आणि तुझा तो निरोप, “रोहयो आता हंगामात बंद, बरं झालं.” तो वाचून जीव खाली-वर झाला. बहात्तरच्या दुष्काळात याच मराठवाड्यातल्या बाया खडी फोडून आणि सुकडी खाऊन जगल्या. त्यातून वि. स. पागे यांच्या रोजगार हमीच्या कल्पनेला बळ मिळालं, 1977मध्ये कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला, आणि शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून त्याला पैसा आला. मागेल त्याला काम हे महाराष्ट्रानं आधी केलं, देशानं मागून. 2006मध्ये केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या यादीत नांदेड होतं. 2025-26ची मजुरी 312 रुपये, तीही वेळेवर मिळाली तर. पण नमुना 4 भरून काम मागता येतं, एवढ्या आधारावर ती बाई कमी मजुरीला नाही म्हणू शकायची.

डिसेंबर 2025मध्ये संसदेनं ‘जी राम जी’ म्हणतात तो नवा कायदा केला. शंभराचे 125 दिवस झाले, खर्चाचा 40 टक्के भार बहुतेक राज्यांवर आला, आणि पेरणी-काढणीच्या काळात एकूण 60 दिवस कामं बंद ठेवायची तरतूद झाली. म्हणजे जेव्हा तिला भाव करता येतो, नेमकी तेव्हाच दुसरी वाट बंद. त्यावर तुमचा दंडाचा ठराव! दोन्ही बाजूंनी दाबल्यावर ती तुमच्याच रानात येईल असं वाटतंय का? ती तांड्यासकट गाव सोडेल. काढणीला हार्वेस्टर लावशील. ओल्या रानात ते घुसत नाही, हे 2025च्या पावसानं तुला दाखवलंय.

सालाचा आकडा विचारलास. बाजारात चाललाय त्याच्या वरचा धर, कारभारणीची मजुरी वेगळी लाव, महिन्याच्या सुट्या ठरव आणि आजारपणाचा खाडा धरू नकोस. ठरावातलं दंडाचं कलम काढायला लाव. निघालं नाही तर तुझी सही तरी काढून घे.

दुसरं, मोटारीची लाईट रात्रीची आहे म्हणालास. म्हणजे गडी अंधारात उसाला दारं धरतो. त्याला काही झालं तर शेतकरी अपघात योजनेतले दोन लाख सातबाऱ्यावरच्या घराला, त्याच्या घराला नाही. जनधन खात्यातून वर्षाला 20 रुपये कापून प्रधानमंत्री सुरक्षा विम्यात दोन लाखांचं संरक्षण मिळतं. पाडव्याआधी त्याला बँकेत घेऊन जा, गमबूट आणि चांगली बॅटरी घेऊन दे, आणि अर्जाची पोच मला पाठव. नुसतं “करतो आत्या” चालणार नाही.

तुझी,
आत्या