सगळाच मुलामा

अल्फारेटा, जॉर्जिया

प्रिय जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स,



तुझं पूर्ण नाव पाकिटावर मावणार नाही, म्हणून जीएमआर म्हणतो. चुंबकीय क्षेत्र लागताच विजेचा रोध मोठ्या प्रमाणात बदलणं, हा तुझा गुण. खरं तर आमच्या गावानं तुला कधीच ओळखायला हवं होतं. अटलांटाच्या उत्तरेला असलेल्या या उपनगरात ‘चॉइसपॉइंट’ नावाची कंपनी होती. १९९७ साली ती इक्विफॅक्समधून वेगळी निघाली. लोकांची माहिती गोळा करून विकणं हा तिचा धंदा. त्याच वर्षाच्या अखेरीस आयबीएमनं तुझं हेड बसवलेली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, १६.८ जीबीची. योगायोगच, पण जोडी जमली. चिमुकल्या जागेतली क्षीण चुंबकीय खूण तुझ्यामुळे वाचता येऊ लागली आणि माहिती साठवणं इतकं स्वस्त झालं, की जुनं काही फेकायला कारणच उरलं नाही. २००५ मध्ये उघड झालं, की चॉइसपॉइंटनं भामट्यांनाच गिऱ्हाईक समजून माहिती विकली होती, १,६३,००० हून अधिक लोकांची. पुढच्या वर्षी एक कोटी डॉलरचा दंड आणि वर ५० लाखांची भरपाई. असो. त्याचा जाब मी तुला विचारत नाही.

मला बोलायचंय ते तुझ्या दुसऱ्या, साध्या घराबद्दल.

तुझा शोध १९८८ चा. पॅरिसजवळ ओर्से इथे आल्बेअर फेर आणि जर्मनीत युलिश इथे पेटर ग्र्युनबर्ग, दोघांना तू स्वतंत्रपणे भेटलास. लोह आणि क्रोमियमचे काही अणूंइतके पातळ थर, महागडी निर्वात यंत्रं. ४.२ केल्विनला चुंबकीय क्षेत्र लावताच फेर यांच्या नमुन्याचा रोध जवळपास निम्म्यावर आला. २००७ चं नोबेल दोघांना मिळालं. थोडक्यात, तू बड्या घरचा.

आणि १९९३ मध्ये ब्रिस्टलच्या प्रयोगशाळेत तू चक्क मुलाम्याच्या भांड्यात सापडलास! रोधातला फरक १५ टक्क्यांच्या घरात आणि तोही खोलीच्या तापमानाला. ही बातमी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला शाळेतला मोरचुदाचा निळा बीकर आणि त्यात तांबूस झालेली किल्ली आठवली. तुझी पुढे रुळलेली कृती त्याहून फार अवघड नाही. एकाच द्रावणात कोबाल्टचा क्षार भरपूर, मोरचूद चिमूटभर. विजेचा दाब कमी ठेवला तर नुसतं तांबं बसतं. वाढवला की कोबाल्ट बसू लागतो आणि तांबं मुळातच थोडं असल्यानं त्याची भेसळ नाममात्र राहते. दाब वर-खाली करत राहायचं, थरावर थर चढत जातात.

१९९४ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हाँ आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या मंडळींनी तर कमाल केली. प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यातल्या सूक्ष्म भोकांमध्ये त्यांनी हाच मुलामा भरला. केसाच्या जाडीत शेकडो मावतील अशा तारा तयार झाल्या, त्यांत तांबं-कोबाल्ट, तांबं-कोबाल्ट अशी चळत. नुसत्या पातळ थराला आरपार वीज सोडली, तर रोध इतका कमी असतो की मोजणं मुश्कील. तार लांब आणि बारीक, त्यामुळे तो आरामात मोजता येतो. इलेक्ट्रॉनला प्रत्येक थर ओलांडावाच लागतो, वाट काढून निसटायची सोय नाही. कोबाल्टच्या सगळ्या थरांची चुंबकीय दिशा एक असेल, तर एका फिरकीचे (स्पिनचे) इलेक्ट्रॉन विनाअडथळा पार होतात. दिशा आलटून-पालटून उलट असेल, तर दोन्ही फिरकींचे इलेक्ट्रॉन कुठे ना कुठे ठेचकाळतात. रोध वाढतो तो एवढ्यामुळेच.

आपल्या भाषेत मुलामा म्हणजे फसवणूक. वर सोनं, आत पितळ. सोन्याचं पाणी दिलेली बांगडी घालून लग्नाला गेलेली बाई चार वेळा पदर सारखा करते. पण तुझ्या तारेत ‘आत’ असं काही नाहीच. पापुद्रा विरघळवून टाकला तरी उरतो तो मुलामाच, आणि तोच अस्सल माल. या शब्दाला इतका मान आजवर कुणी दिला नव्हता.

तुझ्या खोडीही सांगतो, पत्र खुलं आहे म्हणून लपवणार नाही. तांबं बसत असताना कोबाल्ट हळूच विरघळून परत द्रावणात जातो. तांब्याचा थर फार पातळ केला, तर त्याला छिद्रं राहतात आणि शेजारचे कोबाल्ट एकमेकांना भिडतात. शिवाय तुला जागं करायला बरेचदा जबर क्षेत्र लागतं. बुडापेस्टच्या बाकोन्यी आणि पेटर या संशोधकांनी २०१० मध्ये तुझ्यावर मोठा आढावा लिहिला, त्याच्या शीर्षकातच प्रगतीबरोबर अडचणीही आहेत. डिस्कच्या हेडमध्ये जागा मिळाली ती तुझ्या निर्वातात घडलेल्या भावंडाला, मुलाम्यातल्या तुला नाही. पुढे त्याचीही गादी टनेल मॅग्नेटोरेझिस्टन्स नावाच्या दुसऱ्या परिणामानं घेतली.

म्हणून रुसू नकोस. त्या काळच्या हेडमध्ये तुझं भावंड वाचायचं काम करी आणि त्याला खेटून लिहिणारा चुंबकीय ध्रुव बसलेला असे. निकेल-लोखंडाचा तो ध्रुव द्रावणात बुडवून, वीज सोडूनच घडवलेला असायचा.

कळावे,
अल्फारेटातला एक मराठी रहिवासी