दहा फूट टेप जमिनीवर

स्टुडिओतली टेप सेकंदाला पंधरा इंच धावते. ज्याने कधी ब्लेड घेऊन टेप कापली आहे, त्याच्या डोक्यात हा आकडा कायमचा बसलेला असतो, कारण त्याला वेळ मोजपट्टीने मोजावी लागते. मिनिटाला १२० ठोके अशा लयीच्या गाण्यात एक ठोका साडेसात इंचांचा होतो. चार मात्रांचं आवर्तन तीस इंचांचं. अशी चार आवर्तनं गाण्यातून काढून टाकायची ठरली, की दहा फूट टेप जमिनीवर पडते.

काम दिसायला साधं. दोन्ही रिळं हाताने धरून मागेपुढे फिरवायची. टेप हेडवरून सावकाश सरकते तेव्हा ड्रमचा ठोका एखाद्या जडशीळ घरघरीसारखा ऐकू येतो. घरघर जिथे सुरू होते, नेमकी तिथे टेपच्या पाठीवर मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची. मग टेप कापण्याच्या ठोकळ्यावरच्या खाचेत बसवायची आणि तिरका छेद द्यायचा. सरळ छेद दिला तर जोडावर टक् असा आवाज येण्याची भीती. तिरक्या छेदात पहिला आवाज विरता विरता दुसरा त्यात शिरतो.

खरी अडचण ब्लेडची नसतेच. झांजेवर काठी पडली की तिची झणझण पुढे दोन-तीन सेकंद रेंगाळते. ती रेंगाळत असताना कापलं, तर झांज वाजली आणि हवेत विरलीच नाही, असा विचित्र प्रकार होतो. बेसचा सूर, गायकाचा श्वास, आवाजाला दिलेली गुंज, सगळ्यांची तीच गत. शिवाय साठच्या दशकातले वादक कानात मेट्रोनोम घालून वाजवत नव्हते. तिसऱ्या कडव्यापर्यंत लय नकळत चढलेली असायची. पहिल्या कडव्याचं शेपूट तिसऱ्याच्या तोंडाला जोडलं, की ऐकणाऱ्याला नेमकं काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण पाय ठेका चुकतो. म्हणून अनुभवी माणूस समेवरचा दणका शोधतो. जोरकस ठोक्याच्या अगदी आधी छेद दिला, तर तो ठोकाच सांधा झाकून टाकतो.

हा सगळा खटाटोप सात इंची तबकडीसाठी. कोलंबियाने १९४८ मध्ये लाँग प्ले रेकॉर्ड (एलपी) आणली आणि पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने ४५ आरपीएमची छोटी तबकडी. मोठीवर आल्बम, छोटीवर सिंगल, अशी वाटणी हळूहळू पक्की झाली. छोट्या तबकडीवर जास्त मिनिटं कोंबायची तर खाचा जवळजवळ आणि उथळ कोराव्या लागतात, आणि मग आवाज पडतो. ज्यूकबॉक्समध्ये किंवा रेडिओवर शेजारच्या गाण्यापेक्षा हळू वाजणारं गाणं कोणत्या कंपनीला चालणार? त्यात रेडिओवाल्यांना दोन जाहिरातींच्या मध्ये बसेल एवढंच गाणं हवं असे. तीन मिनिटं हा अलिखित कायदा झाला. निर्माता फिल स्पेक्टरने त्यावर सरळ खोटं बोलून मात केली. रायचस ब्रदर्सचं 'यूव्ह लॉस्ट दॅट लव्हिन फीलिन' १९६४ मध्ये आलं तेव्हा लेबलवर ३:०५ छापलं होतं. गाणं होतं पावणेचार मिनिटांचं. बिली जोएलचं लांबलचक 'पियानो मॅन' कंपनीने सिंगलसाठी छाटलं, तेव्हा त्याने पुढच्याच आल्बममधल्या 'द एंटरटेनर' या गाण्यात या छाटणीची टर उडवली.

छाटणी म्हटलं की बहुतेकांना 'लाइट माय फायर' आठवतं. द डोअर्सच्या १९६७ च्या पहिल्या आल्बमवर ते सात मिनिटांचं आहे. सिंगल तीन मिनिटांच्या आत. रे मँझारेकचा ऑर्गन आणि रॉबी क्रीगरची गिटार यांचं मधलं प्रदीर्घ वादन जवळजवळ सगळं गेलं. सिंगल अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं हे खरं, पण कारागिरी म्हणून बघितलं तर ती कत्तल आहे. आयर्न बटरफ्लायच्या 'इन-अ-गड्डा-डा-व्हिडा'चं असंच झालं, सतरा मिनिटांवरून तीनच्या आत. क्राफ्टवर्कचं 'आउटोबान' तर बावीस मिनिटांहून मोठं, म्हणजे आल्बमची अख्खी एक बाजू. त्यातून साडेतीन मिनिटं वेचली गेली आणि १९७५ मध्ये त्या तुकड्याने या जर्मन मंडळींना अमेरिकन रेडिओवर नेलं.

पण छाटणी म्हणजे नुकसानच असं मानणाऱ्यांनी शिकागो या बँडचं 'मेक मी स्माइल' ऐकावं. १९७० च्या आल्बमवर जेम्स पँकोने रचलेली तेरा मिनिटांची, सात भागांची एक मालिका आहे: 'बॅले फॉर अ गर्ल इन बकॅनन'. 'मेक मी स्माइल' हा तिचा पहिला भाग आणि 'नाऊ मोर दॅन एव्हर' शेवटचा. मधे वाद्यांचे तुकडे आहेत, 'कलर माय वर्ल्ड' हे संथ प्रेमगीत आहे. सिंगलसाठी पहिला आणि शेवटचा भाग एकमेकांना जोडला, मधलं सगळं काढलं, आणि तीन मिनिटांचं एक असं गाणं तयार झालं जे आल्बमवर सलग कुठेच नाही. पितळी वाद्यांनी उचललेला जोर शेवटापर्यंत खाली येत नाही. शिकागोला पहिल्या दहात प्रथमच नेणारं गाणं हेच. इथे कात्रीने रचना केली, असंच म्हणावं लागतं.

कधी कधी तर कात्रीऐवजी भर पडते. सायमन आणि गारफंकल यांचं 'द साउंड ऑफ सायलेन्स' १९६४ च्या आल्बमवर फक्त दोन आवाज आणि गिटार असं होतं. आल्बम पडला. जून १९६५ मध्ये निर्माता टॉम विल्सनने त्याच ध्वनिमुद्रणावर विजेची गिटार, बेस आणि ड्रम चढवले. पॉल सायमन तेव्हा युरोपात होता आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं. नव्या वादकांचे हाल काय झाले असतील याची कल्पना टेपवर काम केलेल्यालाच येईल. मूळ गायन ठेक्याशिवाय झालेलं, लय श्वासागणिक मागेपुढे होणारी, आणि ड्रमवाल्याने तिच्या मागे धावायचं. जानेवारी १९६६ मध्ये हे गाणं अमेरिकेत पहिलं आलं.

मग सीडी आली. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये विक्री सुरू झाली. चौऱ्याहत्तर मिनिटांची जागा, ना खाचांची भीती, ना आवाज पडण्याची. आता कात्रीचं कारणच उरलं नव्हतं. आणि इथेच एक गमतीदार चोरी झाली. चोरीला गेली ती छोटी गाणी.

कंपन्यांनी जुन्या लोकप्रिय गाण्यांची संकलनं सीडीवर काढायला घेतली, तेव्हा गोदामातून आल्बमची टेप बाहेर आली. ती स्टीरिओ होती, स्वच्छ होती, पहिल्या पिढीची होती. सिंगलची छाटणी अनेकदा मूळ टेपच्या प्रतीवर केलेली असे, म्हणजे एक पिढी खाली, थोडी खरखर जास्त. कधी ती मोनो असे, एएम रेडिओच्या एकुलत्या स्पीकरसाठी वेगळी मिसळलेली. कधी ती सापडतच नसे. लांब म्हणजे पूर्ण आणि पूर्ण म्हणजे चांगलं, हा हिशेबही सोपा. परिणाम असा की चाळिशीतला अमेरिकन गृहस्थ आपल्या शाळकरी वयातलं आवडतं गाणं सीडीवर विकत घेई, आणि मधेच असं एक कडवं सुरू होई जे त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. रेडिओवर हजारदा वाजलेलं गाणं कुठल्याच चकतीवर नाही, अशी अवस्था होती.

काही संकलकांनी यावर शोधलेला उपाय चोरीपेक्षा वाईट होता. आल्बमचं गाणं घ्यायचं आणि सिंगलवर छापलेली मिनिटं भरली, की आवाज हळूहळू खाली आणून संपवायचं. वेळ जुळते, गाणं जुळत नाही. सिंगलमध्ये मधलं वादन कापून शेवटचं कडवं राखलेलं असतं; इथे वादन शाबूत आणि शेवटचं कडवं गायब. दुसरी तऱ्हा थोडी प्रामाणिक: जुनं सिंगल समोर ठेवून आल्बमच्या टेपवर तेच छेद पुन्हा द्यायचे. ते चांगल्या हातांनी केलं तर निम्म्याहून अधिक लोकांना कळणार नाही. उरलेल्यांना मात्र पहिल्याच सांध्याला कळतं.

त्या उरलेल्यांसाठी अमेरिकेत पॅट डाउनी यांनी एक जाडजूड सूची तयार केली. टॉप फॉर्टीमध्ये आलेली गाणी कोणकोणत्या सीडीवर आहेत आणि प्रत्येक सीडीवर ४५ ची आवृत्ती आहे, आल्बमची आहे की तिसरंच काही, याचा तो जमाखर्च. झोप उडवणारं वाचन नव्हे. पण संकलनं काढणाऱ्यांच्या टेबलावर असं काही हवंच होतं. ऱ्हाइनोसारख्या कंपनीने जुन्या टेपा हुडकून काढण्याचा ध्यास घेतला, त्यामागेही हीच खोड आहे.

टेपच्या वेगाचा घोळ वेगळाच. 'लाइट माय फायर'चा आल्बम चाळीस वर्षं जरा संथ वाजत होता, त्यामुळे सूरही अर्ध्या सुराच्या आसपास उतरलेला. सिंगल मात्र बरोबर वेगाचं होतं. म्हणजे ज्याला कापलेलं, उणं समजलं जात होतं, त्याचा सूर खरा. युटामधल्या एका प्राध्यापकाने हा फरक ध्वनिमुद्रक ब्रूस बॉटनिक यांच्या कानावर घातला आणि २००७ च्या सुमाराच्या चाळिसाव्या वर्षाच्या आवृत्तीत तो सुधारला गेला. टॉमी जेम्सच्या 'क्रिमसन अँड क्लोव्हर'मध्ये उलट प्रकार. तिथे सिंगल आधी, मग त्याच टेपा जोडून आल्बमसाठी लांबवलेलं रूप. त्या जोडकामात एका भागाची टेप किंचित संथ चालली आणि सूर घसरला. तो दोष सीडीच्या काळात, १९९१ मध्ये दुरुस्त झाला.

बीटल्सच्या बाबतीत कंपनीने निदान व्यवस्था लावली. १९८८ मध्ये 'पास्ट मास्टर्स' या नावाने दोन सीडी आल्या, आल्बमांवर नसलेल्या सिंगल आवृत्त्यांसाठी. 'लेट इट बी' घ्या. एकच मूळ वादन, पण सिंगल निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या हातचं आणि आल्बम फिल स्पेक्टरने रंगवलेला. जॉर्ज हॅरिसनचं गिटारवादन तर दोन्हींत निरनिराळ्या दिवशी वाजवलेलं. सिंगलमध्ये ते गोलाईचं, आल्बमवर करकरीत. 'लव्ह मी डू'ची ओळख आणखी सोपी. खंजिरी ऐकू आली तर ड्रमवर अँडी व्हाइट हा बाहेरचा वादक बसला आहे, आणि खंजिरी वाजवणारा रिंगो आहे. रिंगोने स्वतः ड्रम वाजवलेलं रूप १९६२ च्या पहिल्या सिंगलवर होतं. त्याची मूळ टेप उरली नव्हती, म्हणून सीडीवर घालण्यासाठी एक जुनी ४५ ची तबकडीच वाजवून उतरवून घ्यावी लागली.

सीडीने आल्बमलाही सोडलं नाही. डायर स्ट्रेट्सचा 'ब्रदर्स इन आर्म्स' १९८५ मध्ये आला तेव्हा एलपीत मावावं म्हणून काही गाणी आखडली आणि सीडीवर मोकळी सोडली. 'मनी फॉर नथिंग' एलपीवर सात मिनिटांचं, सीडीवर साडेआठच्या जवळ, आणि सिंगलवर आणखी लहान. एकाच वर्षात एका गाण्याची तीन वयं. मीट लोफने १९९३ मध्ये बारा मिनिटांचं गाणं केलं आणि रेडिओसाठी ते पाचवर आणलं. नव्वदच्या दशकात सीडी सिंगल हाच एक छंद झाला: रेडिओ एडिट, आल्बम व्हर्जन, दोन रीमिक्स. लोकप्रिय गाण्यांच्या ब्रिटिश यादीच्या नियमात सिंगलला चाळीस मिनिटांची मर्यादा होती. द ऑर्बने १९९२ मध्ये 'ब्लू रूम' काढलं ३९ मिनिटं ५७ सेकंदांचं, आणि ते आठव्या क्रमांकावर गेलं!

आपल्याकडच्या जुन्या सिनेसंगीताच्या शौकिनांना हे सगळं फार परकं वाटणार नाही. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपास मावत असे, म्हणून पडद्यावरचं एखादं कडवं तबकडीवर नसायचं. पण थेट सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांच्यापर्यंत येणारा धागा इंग्लंडमधला आहे.

कॉर्नरशॉप या बँडच्या तजिंदर सिंगने लिहिलेलं 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे गाणं आशाताईंवर आहे, आणि पार्श्वगायनावर. त्यात लता मंगेशकर आणि रफी यांची नावं ४५ च्या तबकड्यांसह येतात. १९९७ च्या आल्बमवर ते पाच मिनिटांहून मोठं, सावकाश झुलणारं आहे. त्याच वर्षी सिंगल म्हणून निघालं आणि ब्रिटनमध्ये साठाव्या क्रमांकावर थांबलं. मग नॉर्मन कुक ऊर्फ फॅटबॉय स्लिमने त्याचा वेग वाढवला, पट्टी चढवली, खाली ठणठणीत ड्रम घातले, आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते पहिलं आलं. डोअर्सच्या आल्बमवर जो वेगातला फरक चूक ठरला, तोच इथे मुद्दाम केलेला. रेडिओवर ऐकून ज्यांनी लगोलग दुकान गाठलं आणि आदल्या वर्षीच्या आल्बमची सीडी घरी आणली, त्यांच्या यंत्रातून मंद, उतरलेल्या पट्टीतलं गाणं वाजलं. त्यांतल्या काहींना आपला सीडी प्लेयरच बिघडला, असं वाटलं असल्यास नवल नाही.