शेवटचा शार्प म्हणजे नी

शार्प्सचा क्रम मला पाठ होता: एफ, सी, जी, डी, ए, ई, बी. पण हाच क्रम का, ते पेटीवर कळलं. पांढरी एकचा सा पंचमावर, म्हणजे पांढरी पाचवर नेला, की शुद्ध नीसाठी काळी तीन लागते. तोच जी मेजरचा एफ शार्प. आणखी एक पंचम पुढे गेलं की सा पांढरी दोन. आता काळी एकही हवी, म्हणजे सी शार्प. नवा शार्प दरवेळी नवा नी असतो. म्हणून शेवटच्या शार्पच्या अर्धा स्वर वर सा सापडतो.

आजारपणानंतर आईची पट्टी काळी पाचवरून पांढरी पाचवर आली. तिला वाटतं, गाणं गेलं. मी काळी तीन दाबतो. सा खाली आला, पण सा-नीमधलं अंतर तेवढंच आहे. चाल तीच आहे, आई.